रायझन ७ ७४३५एचएस की आय५ १३४२०एच? माझं मत रायझन, पटत नसेल तर मुद्द्याने बोला

फ्रेमड्रॉप
मावसभावाला मेकॅनिकलला ॲडमिशन मिळालंय, नागपूरला हॉस्टेलवर राहणार. काकांनी बजेट ताणून ताणून ८० हजारांपर्यंत नेलंय. गाळून गाळून दोन लॅपटॉप उरलेत, दोन्हीत एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०५० ग्राफिक कार्ड, १६ जीबी रॅम, ५१२ची एसएसडी, १४४ हर्ट्झ स्क्रीन. प्रोसेसर एकात एएमडीचा रायझन ७ ७४३५एचएस, दुसऱ्यात इंटेलचा आय५ १३४२०एच. किमतीतला फरक नसल्यात जमा.

माझं मत रायझन. सरळ हिशोब आहे, आठ कोअर (काम करणारे भाग), सोळा थ्रेड (एकावेळी चालणारी कामं) आणि आठही कोअर सारखे. इंटेलवाल्याच्या डब्यावर पण आठच लिहिलंय पण त्यातले मोठे चारच, उरलेले चार ते एफिशियन्सीवाले छोटे, थ्रेड बारा. एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, इकडे १६ एमबी तिकडे १२. एवढं समोर दिसत असताना दुकानदार म्हणतो "इंटेलच घ्या साहेब, रायझन गरम होतं", एएमडीच्या जुन्या एफएक्स प्रोसेसरच्या जमान्यातली टेप अजून वाजतेय.

पेठेतला_पंखा
कोअर मोजायच्या आधी या दोघांचं कूळ बघा. ७४३५ मधला तिसरा आकडा ३ आहे, म्हणजे एएमडीच्या चिपची पिढी झेन ३ किंवा ३+, इथे ३+. झेन ४ हवं असेल तर तिथे ४ लागतो, ७८४०एचएस मध्ये असतो तसा. हा तुमचा रायझन ७ म्हणजे मुळात २०२२ च्या ६८००एच चा भाऊ, क्लॉक (म्हणजे वेग) जरा कमी. आणि १३४२०एच म्हणजे १२४५०एच, ४.४ गिगाहर्ट्झचं ४.६ केलं आणि वर १३ लिहिलं. दोन्हीकडे जुनाच माल नव्या पाकिटात, त्यामुळे "रायझन ७ आहे, आय५ नाही" या आनंदात राहू नका.

खरी गोम वेगळीच आहे जी तुम्ही लिहिलीच नाहीत. ७४३५एचएस मध्ये आतलं, म्हणजे प्रोसेसरमध्येच असणारं ग्राफिक्स नाही. कमी नाही, नाहीच. ६८००एच मध्ये चांगलं ६८०एम होतं, यात ते बंद. म्हणजे पोरगं लेक्चरला बसून नुसती पीडीएफ वाचत असलं तरी ४०५० जागंच राहणार, झोपायची सोय नाही, आणि बॅटरी बघता बघता खाली येणार.

फ्रेमड्रॉप
अहो गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर कोण चालवतं? चार्जरच विटेएवढा असतो, तो बॅगेत असतोच. आणि आतलं ग्राफिक्स नाही याचा फायदाही सांगा की. स्क्रीन थेट ४०५० ला जोडलेली असते. इंटेलवाल्यात एमयूएक्स स्विच (स्क्रीन थेट ग्राफिक कार्डाला जोडणारा) नसेल तर प्रत्येक फ्रेम आधी आतल्या ग्राफिक्सकडे जाते मग स्क्रीनवर, त्यात काही एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) जातात. स्वस्त मॉडेलमध्ये तो स्विच बरेचदा नसतो. इथे तो प्रश्नच येत नाही.

हेडशॉट_कोल्हापूर
खेळणार काय ते सांग की आधी, मग प्रोसेसरवर भांडू. सायबरपंकसारखा जड गेम हाय सेटिंगला लावला तर ४०५० आधी दम टाकणार, मागे यातला कुठलाही प्रोसेसर लावा फरक कळणार नाही. पण हॉस्टेलवर रात्री दोनला सायबरपंक खेळत नाहीत लेका, व्हॅलोरंट खेळतात, सीएस२ खेळतात. तिथे सेटिंग लो, १०८० पी, ग्राफिक कार्ड निवांत बसलेलं असतं आणि सगळा भार प्रोसेसरच्या एकदोन थ्रेडवर. तिथे इंटेलचा मोठा कोअर झेन ३+ पेक्षा जोरात आहे, एका क्लॉकमध्ये जास्त काम करतो आणि क्लॉकही जरा वर, ४.६ ला ४.५. सोळा थ्रेड घेऊन काय लोणचं घालायचंय का?

आणि मेकॅनिकल म्हणजे सॉलिडवर्क्स, म्हणजे पार्ट डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, आलंच, त्यात पार्ट बनवताना, स्केच बदलून रिबिल्ड मारताना बहुतेक काम एकाच थ्रेडवर चालतं. जास्तीचे कोअर कामाला येतात ते रेंडर आणि सिम्युलेशनला, ते फर्स्ट इयरचं पोरगं कितीदा करणार.

फ्रेमड्रॉप
फर्स्ट इयरला नाही पण थर्ड इयरला करणारच की, लॅपटॉप चार वर्षं चालवायचाय. व्हॅलोरंट दोन्हीवर १४४ च्या वर जातं, स्क्रीनच १४४ ची आहे, पुढचे फ्रेम काय भिंतीवर बघायचे? उलट नवीन मोठे गेम बघा, ओपन वर्ल्डवाले, ते सहा-आठ कोअर मागतात आणि तिथे चार मोठे कोअर असलेला प्रोसेसर मध्येच अडखळतो. ॲव्हरेज चांगलं दिसतं पण गर्दीच्या ठिकाणी गाडी पळवली की झटका बसतो.

सोल्डरगन
लॅमिंग्टन रोडला रिपेअरचं काम करतो म्हणून एक मुद्दा टाकतो जो रिव्ह्यूवाले बोलत नाहीत. गेमिंग लॅपटॉपमध्ये वॉरंटी संपल्यावर जाणाऱ्या वस्तूंत ग्राफिक चिप आणि तिच्या भोवतीचा पॉवर सेक्शन वरच्या नंबरात असतो. आतलं ग्राफिक्स असेल तर बऱ्याच केसमध्ये मोठं कार्ड बंद करून मशीन साधा लॅपटॉप म्हणून चालू करून देता येतं, गिऱ्हाइकाचा प्रोजेक्ट, फोटो, काम सगळं सुरू राहतं. ७४३५एचएस वाल्यात कार्ड गेलं की स्क्रीन काळी, विषय संपला, मदरबोर्ड बदला. आणि बोर्डाचा भाव ऐकून लोक नवीनच घेतात. स्टुडंटसाठी मी तरी इंटेल सांगेन. ब्रँडचं प्रेम नाही, माझ्या टेबलावर दोघांचीही मशीन पडलेली असतात.

फ्रेमड्रॉप
हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण तीन वर्षांनी कार्ड जाईल म्हणून पहिल्या दिवसापासून चार मोठे कोअर कमी घ्यायचे हे मला तरी पटत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या ना.

संत्रा_बर्फी
काय भाऊ, तुम्ही ठाण्या-पुण्यात एसीत बसून कोअर मोजून राह्यले. नागपूरचा मे महिना पाह्यला का? बाहेर ४५, हॉस्टेलच्या रूममंधी एक पंखा अन् नशीब असंल तं कूलर. प्रोसेसरची गरम होयाची हद्द इंटेलची १००, या रायझनची ९५, अन् उन्हाळ्यात दोघंबी तिथंच जाऊन बसते. मंग काय होते, दोघंबी आपला क्लॉक पाडते, अन् तुमचा सोळा थ्रेडचा अन् मोठ्या कोअरचा सारा हिशोब गेला पाण्यात. आमच्या इकडचे पोट्टे काय करते माहीत हाय का, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमंधी जाऊन मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करते. टर्बो, म्हंजे जास्तीचा वेग, बंद होते, मशीन थंड राह्यते, अन् ग्राफिक कार्डावर चालणाऱ्या गेममंधी फारसा फरक बी पडत नाही. म्हणून म्या म्हणतो दोन्ही लॅपटॉप उलटे करून पाहा, कोणाची जाळी मोठी हाय, पंखे दोन हाय का एक, गरमी बाहेर नेणारे पाईप किती हाय. ज्याचं कूलिंग चांगलं तो घ्या, मंग आत काय बी असो.

पेठेतला_पंखा
वरच्यांशी सहमत, हे सगळ्यात आधी यायला हवं होतं. त्यात भर म्हणून, दोन्हीत "आरटीएक्स ४०५०" आहे म्हणजे तीच आहे असं नाही. एनव्हिडियाने या कार्डाला ३५ ते ११५ वॅट एवढी मोकळीक दिलीय, कंपनीने किती दिलेत ते स्पेसिफिकेशनमध्ये खाली बारीक अक्षरात असतं, टीजीपी म्हणून, म्हणजे कार्डाची वॅटमधली मर्यादा. एकात ७५ आणि दुसऱ्यात १०५ असेल तर गेममध्ये जो फरक पडेल तो या दोन प्रोसेसरच्या भांडणापेक्षा मोठा. फ्रेमड्रॉप, तुमच्या दोन मॉडेलचे टीजीपी किती? धाग्यात कुठेच दिसले नाहीत.

फ्रेमड्रॉप
रायझनवाल्याचा ९५ वॅट लिहिलाय. इंटेलवाल्याच्या पेजवर नुसतं "अप टू" करून गोल गोल लिहिलंय, आकडा नाही. जी कंपनी आकडा लपवते तिचा मी घेत नाही, आता तर रायझनच.

सोल्डरगन
मग हा प्रोसेसरचा निकाल कुठे झाला, हा तर कंपनीच्या वेबसाईटचा झाला. दुकानात जाऊन मशीन चालू करायला सांगा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल, त्यात सिस्टिम इन्फॉर्मेशन, तिथे मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेली असते. दोन मिनिटांचं काम आहे.

हेडशॉट_कोल्हापूर
आणि तिथेच टास्क मॅनेजर उघडून मेमरी बघा, स्लॉट २ पैकी १ वापरात दिसला की समजायचं रॅमची १६ ची एकच कांडी घातलीय. असं एकाच कांडीवर, म्हणजे सिंगल चॅनेलवर चालवलं तर दोन्ही प्रोसेसर लंगडेच. इंटेलवाल्यात रॅम डीडीआर४ आहे का ५ तेही बघून घ्या, ती चिप दोन्ही खाते, रायझनची ही चिप डीडीआर४ घेतच नाही. एकच कांडी असली तर दुसऱ्या कांडीचे पैसे काकांना आत्ताच सांगून ठेवा. आणि इंटेलच घ्या.