विष ठेवण्याआधी दोन रात्री कान देऊन ऐका
माळ्यावर रात्री धावपळ ऐकू येते, काय करावं, असं तुम्ही विचारलंत; त्यावर धावपळ म्हणजे उंदीरच, विष ठेवा, असं कुणीतरी सुचवलंय. कृपा करून थोडं थांबा.

उंदराची चाहूल हलकी, तुटक असते. खुडखुड, मग लाकूड कुरतडल्याची करकर, आणि आपण टाळी वाजवली की एकदम शांत. पण पावलं जड वाटत असतील, कौलं खडखडत असतील, वर कुणी माणूसच चालतोय असा भास होत असेल, तर ते उदमांजर, म्हणजे रात्री फिरणारा मांजराएवढा रानटी प्राणी, असू शकतं. आमच्या कोकणातल्या घरी तेच निघालं. सकाळी माळ्याच्या कोपऱ्यात विष्ठा दिसली, तिच्यात फळांच्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या. अशा वेळी विष मुळीच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. रात्री ते बाहेर पडलं की आत पिल्लं नाहीत ना हे आधी बघा, मगच सरकलेली कौलं नीट बसवा. छपरावर टेकलेली फांदीही छाटा, येण्याची वाट बहुधा तीच असते.

भिंतीच्या कडेकडेने चिकचिक करत जाते ती चिचुंद्री. तिला मारू नका, ती झुरळं खाते.

तुमच्याकडे आवाज साधारण किती वाजता येतो?