पोटऱ्या सतत फडफडतात, ताकद ठीक आहे. ईएमजी (स्नायूत बारीक सुई घालून केलेली विद्युत तपासणी) करून घ्यावी का?

देवगड_कलमं:
वय ३१, साखर-बीपी नाही. दीड महिना दोन्ही पोटऱ्यांत स्नायू लवतात. मधूनच डोळ्याची पापणी, दंड, अंगठ्याचं मूळ. दुखत नाही. रोज चवड्यांवर उभं राहून बघतो, पोटरीला टेप लावतो. डावी एक सेंटीमीटर बारीक भरते. जीभ बाहेर काढली की थरथरते. नेटवर शोधलं की एएलएसच (स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जाऊन स्नायू झिजवणारा आजार) समोर येतं. फॅमिली डॉक्टर म्हणतात काही नाही. बी-१२ च्या गोळ्या दिल्यात, अजून सुरू केल्या नाहीत. थेट ईएमजी करून मोकळं व्हावं का? सध्या आंब्याच्या कलमांवर फवारणी चालू आहे, त्याचा काही संबंध?

खाडीपलीकडे:
आधी जीभ आणि टेप यांचा निकाल लावू, कारण घरी या दोन्ही चाचण्या हमखास फसवतात. बाहेर ताणून धरलेली जीभ सगळ्यांचीच थरथरते. डॉक्टर ती तोंडातच सैल पडलेली असताना टॉर्च मारून बघतात. तशा स्थितीत ती वळवळत असेल आणि कडेने झिजलेली दिसत असेल, तर त्याला अर्थ. पोटरीत एक सेंटीमीटरचा फरक कुणाच्याही पायांत निघतो. टेप दोन बोटं खाली सरकला तरी तेवढा फरक पडतो. आणि चवड्यांवर पुन्हा पुन्हा उठून दमवलेला स्नायू अजूनच लवतो, म्हणजे तुमची तपासणीच तुमचं लक्षण वाढवते आहे.

एएलएसचा रुग्ण बहुतेक वेळा वेगळीच तक्रार घेऊन येतो: हातातून भांडं निसटतं, पाऊल उचलत नाही. स्नायू लवतोय हे कित्येकदा डॉक्टरच त्याला दाखवतात. अंग गळल्यासारखं वाटणं ही एएलएसमधली कमजोरी नाही. खरी कमजोरी अशी: चालताना एका पायाची चप्पल निसटते आणि कळत नाही, चिऱ्याच्या पायरीला चवडा अडखळतो, शर्टाचं बटण लागत नाही, कुलपात किल्ली फिरत नाही. आणि हे एका जागी सुरू होऊन महिन्यागणिक वाढत जातं. आज पोटरी, उद्या पापणी, परवा दंड ही तऱ्हा निरुपद्रवी फडफडीची. मेयो क्लिनिकने अशी निरुपद्रवी फडफड ठरलेल्या १२१ जणांचा २ ते ३२ वर्षं मागोवा घेतला होता. तो अभ्यास १९९३ मध्ये छापून आला. त्यांतल्या एकालाही एएलएस झाला नाही.

सुई_आणि_तार:
ईएमजी स्वतःच्या मनाने बुक करू नका. आधी न्यूरॉलॉजिस्टकडून एकदा नीट तपासून घ्या. सिंधुदुर्गातून बरेच जण बांबोळीला (गोव्यातलं सरकारी रुग्णालय) नाहीतर कोल्हापूरला जातात. ओपीडीचे वार फोनवर विचारूनच निघा. अर्धी चड्डी आणि बनियन घालून जा, कारण मांड्या, पोटऱ्या, खांदे उघडे बघावे लागतात. हातोडीने झटके, पायाच्या तळव्यावर रेघ ओढून अंगठा कुठे वळतो ते, एकेका स्नायूची ताकद, जीभ, एवढं बघितलं की बहुतेक चित्र स्पष्ट होतं. स्नायू झिजलेला आणि तिथलेच हातोडीचे झटके मात्र जोरात, ही जोडी दिसली तर डॉक्टर सावध होतात. सगळं साफ असेल तर सुईची गरज बहुधा उरत नाही.

करायचीच ठरली तर काय करताय ते नीट विचारा. पुष्कळ ठिकाणी नुसती एनसीव्ही करून पाठवतात. तिच्यात कातडीवरून नसेला करंट देतात, आणि एएलएसमध्ये ती जवळजवळ नॉर्मल येऊ शकते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सुईच्या ईएमजीत आहे. त्या दिवशी अंगाला तेल लावू नका, पट्ट्या चिकटत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. रिपोर्टात फक्त 'फॅसिक्युलेशन' (म्हणजे हीच फडफड) लिहिलं असेल तर तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. फिब्रिलेशन आणि पॉझिटिव्ह शार्प वेव्ह (स्नायूचा नसेशी संबंध तुटल्याच्या खुणा) हे शब्द महत्त्वाचे, पण एकाच पोटरीत ते कमरेतली नस दबूनही येतात.

रक्त सुईच्या आधी द्या. सुईने आणि जड कामाने सीके (स्नायूंतून रक्तात उतरणारं एन्झाइम) वाढतं, म्हणून त्याआधी दोन-तीन दिवस ओझी उचलू नका. सोबत कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी). बी-१२ चा नमुना गोळ्या सुरू करण्याआधी द्या, नंतरच्या आकड्यावरून मूळ कमतरता होती की नाही ते कळत नाही. दम्याचा पंप, थिओफिलिनच्या गोळ्या किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर तेही सांगा. शेवटच्या गोळीने मॅग्नेशियम उतरू शकतं.

मोहोर_फवारणी:
फवारणीबद्दल. डब्यावरचा घटक वाचा. क्लोरपायरीफॉस, डायमेथोएट ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं, आणि विषबाधेत स्नायू खरोखर लवतात. पण एकटे लवत नाहीत. औषध मारल्यावर काही तासांत घाम, तोंडाला पाणी, उलटी-जुलाब, छाती आवळणं, बारीक झालेल्या बाहुल्या असं सगळं येतं. तसं झालं तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवा आणि डब्याचं लेबल घेऊन सरळ रुग्णालय गाठा. दीड महिना फिरती फडफड आणि बाकी काहीच नाही, हे ते चित्र नव्हे. तरी हंगामभर मारताय तर डॉक्टरांना सांगा, ते रक्तातलं कोलिनएस्टरेज (या औषधांनी घटणारं एन्झाइम) तपासतील. लॅम्डा-सायहॅलोथ्रिनसारख्या औषधाने तोंडावर चुरचुर होते, ती बहुधा दिवसभरात जाते.

प्लास्टिकचा कोट घालून घामाने भिजता, तेव्हा मीठ जातं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, म्हणून नुसत्या शहाळ्यावर भागत नाही. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. पेल्यात अर्धं-अर्धं नको.

देवगड_कलमं:
फडफड रात्री आडवं झाल्यावरच जास्त जाणवते. छाती भरून येते, ओठांभोवती मुंग्या. चहा पाच-सहा कप होतो.

खाडीपलीकडे:
ओठांच्या मुंग्या भराभर श्वासाच्या असाव्यात. कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर गेला की रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, नसा चटकन उत्तेजित होतात आणि स्नायू लवतात. भीती, श्वास, फडफड, पुन्हा भीती. नाकाने चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, पाच मिनिटं. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका. मात्र छातीतलं भरून येणं श्रमाने वाढत असेल तर ईसीजी आधी. चहा एकदम तोडलात तर डोकं धरेल, दर दोन दिवसांनी एक कप कमी करा आणि दुपारनंतरचा आधी.

टेप कुणाला तरी देऊन टाका. तपासायची ऊर्मी आली की पंधरा मिनिटं पुढे ढकला, मग अर्धा तास. घरच्यांना 'बघ ना, बारीक झाली का' विचारणं हीसुद्धा तपासणीच, आणि रात्री मोबाईलवर शोधणंही. तरी सुटत नसेल तर टेली-मानसला (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. चिंतेवरच्या गोळ्यांना चार-सहा आठवडे लागतात. सुरुवातीला फडफड थोडी वाढू शकते, म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. ही फडफड कित्येक महिने टिकू शकते, नुसती टिकली म्हणून पुन्हा ईएमजी नको. बोलणं जड झालं, पाणी पिताना ठसका लागू लागला, अंगठा-तर्जनीमधला मांसल भाग खोल गेला किंवा उताणं झोपल्यावर श्वास पुरेना, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता जा.