शाळेत एसी बसवावेत, की आधी वर्गांतली हवा खेळती करावी?

प्रश्न : पालक, डिचोली
आमच्या शाळेची दुमजली इमारत चिऱ्याची असून वर सपाट स्लॅब आहे. गोव्यात २०२५ पासून वरच्या इयत्तांचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागल्यामुळे वरच्या मजल्यावरील सहा खोल्यांत सकाळी दहानंतर बसवत नाही. प्रत्येक खोलीत दीड टनाचे दोन स्प्लिट एसी बसवावेत, असा प्रस्ताव पालक-शिक्षक संघापुढे आला आहे. मात्र संगणक कक्षात एसी आधीपासूनच आहे आणि पावसाळ्यात तिथल्या कपाटामागची भिंत बुरशीने काळी पडते. मुलेही डोके जड झाल्याचे सांगतात. वर्गणी गोळा करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर : वातानुकूलन अभियंता, फोंडा
साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवत राहतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. चाळीस मुलांच्या बंद वर्गात तो १,००० च्या पुढे जायला एक तासिकाही लागत नाही, आणि डोके जड होण्यामागे बहुधा हीच कोंदट हवा असावी. बुरशीचे कारण वेगळे आहे. एसी १८ अंशांवर ठेवला की भिंती थंड पडतात आणि दार उघडताच शिरलेली दमट हवा त्यांवर ओल धरते. कपाटामागे वारा फिरत नसल्याने ती वाळत नाही. तापमान २४ अंशांच्या खाली नेऊ नये आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे. बारा एसींमुळे वीजभार १८ ते २० किलोवॅटनी वाढेल, तेव्हा मंजूर भार आणि जुने वायरिंग आधी तपासून घ्यावे. पाण्याचे कूलर मात्र आपल्या दमट किनारपट्टीवर मुळीच घेऊ नयेत.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापिका, सत्तरी
आमच्याकडेही पंखा लावला की स्लॅबची धग अंगावर येई. शेवटी स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून मंगळुरी कौले घातली आणि मधली जागा दोन्ही बाजूंनी उघडी ठेवली. त्या उन्हाळ्यात वरच्या वर्गांत पहिल्यांदा शेवटच्या तासिकेपर्यंत शिकवता आले. एक चूक मात्र आम्ही केली, ती तुम्ही करू नका : लाकडी झडपांच्या जागी सरकत्या काचेच्या खिडक्या बसवल्या, आणि त्या कधीही अर्ध्याच उघडतात.

प्रश्नकर्ता :
ताई, कौलांचा विचार आमच्या मनातही आला नव्हता. सर, कोंदट हवा बाहेर काढायला एक्झॉस्ट पंखे बसवले तर पावसाचे पाणी आत येणार नाही का?

उत्तर : वातानुकूलन अभियंता, फोंडा
आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पंखा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीत, छताजवळ आणि बाहेरून झडपेसह बसवावा. हवा समोरच्या खिडकीतून आत येऊ द्यावी. छताचे पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे) घेतल्यास ७५ वॅटचे काम ३० ते ३५ वॅटमध्ये होते. आधी कौले, मग पंखे, असा क्रम ठेवा आणि एसींचा निर्णय त्यानंतरचा एक उन्हाळा पाहून घ्या.