रेड ५ मधली डिस्क गेली: आधी बदल की आधी बॅकअप?

संग्रहपाल: ‘डिस्क नापास झाली की ताबडतोब ओढून काढा, नवी बसवा, बॅकअपचे नंतर बघू’ हा कालचा सल्ला कोणीही खोडला नाही, म्हणून सविस्तर लिहितो. रेड ५ म्हणजे अनेक डिस्कचा असा संच, की एक डिस्क गेली तरी डेटा वाचता येतो. चार डिस्कच्या रेड ५ मध्ये एक गेली, की उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा मजकूर नव्या डिस्कवर पुन्हा उभारणे) पूर्ण होत नाही, आणि त्या तिन्ही बहुधा एकाच खरेदीतल्या, सारख्याच झिजलेल्या असतात. ८ टेराबाइटच्या डिस्कला यात अर्धा दिवस सहज जातो. तेव्हा डेटा वाचता येतो आहे तोवर महत्त्वाच्या फाइली आधी बाहेर काढाव्यात.

रात्रपाळी: तो सल्ला माझा होता आणि मी त्यावर ठाम आहे. बॅकअप घेतानाही त्याच डिस्क राबतात. म्हणजे तुम्ही ताण दुप्पट करता आणि तेवढा वेळ संच एकाही डिस्कच्या आधाराविना ठेवता. ‘१२.५ टेराबाइट वाचनामागे एक चूक’ हा डिस्कच्या माहितीपत्रकातला आकडा दाखवून लोकांना घाबरवणे आता थांबवावे. तो शब्दशः खरा असता, तर माझ्या मोठ्या संचाच्या दरमहाच्या स्क्रबमध्ये (सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासण्यात) सतत चुका निघाल्या असत्या; तशा त्या निघत नाहीत.

संग्रहपाल: तो आकडा उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा आहे, एवढे मान्य करतो. परंतु बॅकअप घेताना एखादा सेक्टर (डिस्कवरचा साठवणीचा छोटा तुकडा) वाचता आला नाही तर एखादी फाइल जाते. रिबिल्डमध्ये तेच घडले, तर काही कंट्रोलर (संच चालवणारी यंत्रणा) अख्खा संच बंद करून टाकतात.

फोटोवाला: नवी डिस्क कोणत्या जातीची आहे, हे दोघेही विचारत नाही. एका दुकानदाराने मला ‘नॅससाठीचीच’ (नॅस म्हणजे नेटवर्कवरचे साठवण यंत्र) म्हणून एसएमआर डिस्क दिली. या डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे सलग लिहिताना राखीव जागा भरली की वेग कोसळतो. लग्नांचे सगळे फोटो असलेला संच माझ्याकडे कित्येक दिवस अर्धवट पडून होता. डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलनेही ‘रेड’ (Red) नावाच्या आपल्या मालिकेतल्या २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे एप्रिल २०२० मध्ये, ओरड झाल्यावरच, सांगितले.

रात्रपाळी: कृपया विषय भरकटवू नका. खरेदीची तक्रार वेगळी मांडा.

फोटोवाला: ही खरेदीची तक्रार नाही! तुमचा सगळा युक्तिवाद रिबिल्ड लवकर संपण्यावर उभा आहे, आणि तो किती चालेल हे नव्या डिस्कवर ठरते. ग्राहकांना तोंड मला द्यावे लागले, तुम्हाला नव्हे.

संग्रहपाल: यांचे बरोबर आहे. शिवाय ‘ओढून काढा’ हे सांगणेच धोक्याचे आहे. आमच्याकडे एका तंत्रज्ञाने ‘कप्पा ३’ म्हणून डावीकडून तिसरी डिस्क काढली. क्रमांक शून्यापासून सुरू होत होते; चांगली डिस्क बाहेर आली आणि संच तत्क्षणी बंद पडला. स्मार्टच्या (डिस्कच्या स्वतःच्या तपासणीच्या) अहवालातला सिरियल क्रमांक डिस्कवरच्या लेबलशी ताडल्याशिवाय कोणीही हात लावू नये.

रात्रपाळी: सिरियल क्रमांकाबद्दल माझा वाद नाही, ‘ओढून काढा’ हे शब्दही मागे घेते. जुनी डिस्क अजून प्रतिसाद देत असेल आणि कप्पा रिकामा असेल, तर ती न काढता नवी शेजारी लावून एमडीएडीएमच्या (लिनक्सवर रेड संच सांभाळणारा प्रोग्राम) रिप्लेस आज्ञेने मजकूर हलवावा. त्यात संचाचा आधार सुटत नाही. मात्र ज्याच्याकडे कालचा तपासलेला बॅकअप आहे, त्याने डिस्क मेल्यावर एक तासही थांबू नये, हे मी पुन्हा लिहिते.

संग्रहपाल: तसा बॅकअप असेल तर थांबू नये, हे मलाही मान्य करावे लागेल. माझे लिहिणे ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यासाठी आहे, आणि इथे मदत मागायला येणारे बहुतेक तेच असतात.