मॅकवर विंडोज चालवायचंय: पॅरलल्स, फ्यूजन की यूटीएम? (डीटीपीचं काम आहे, मदत हवी)

खानापूरची डीटीपीवाली:

नमस्कार मंडळी. खानापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, यात्रेचे फ्लेक्स, मंडळांचे अहवाल, असलं काम. दुकानातला विंडोज ७ चा पीसी आता शेवटच्या घटका मोजतोय. भाच्यानं पुण्याहून त्याचा मॅकबुक एअर पाठवलाय: एम२ चिप, ८ जीबी रॅम, २५६ जीबी. पावसाळ्यात आमच्याकडं लाईटचा नेम नसतो, तेव्हा दिवसभर बॅटरीवर चालणारं मशीन आयतं मिळालं हे बरंच झालं. पण निम्मं काम विंडोजशिवाय होत नाही.

मराठी सगळं श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि त्याला मागं यूएसबी लॉक (पेनड्राइव्हसारखा असतो, तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही). जुन्या फायली पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. गिऱ्हाईक थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतं, "हीच ठेवा, नुसती नावं बदला" म्हणतं. ती फाईल दुसरीकडं उघडली की श्री गणेशाय नमःच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण फॉन्ट युनिकोड (सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीचे) नाहीत. कन्नड टायपिंगसाठी नुडी. कर्नाटकच्या भाषा कायद्यातल्या २०२४ च्या दुरुस्तीपासून दुकानाच्या फलकावर ६० टक्के कन्नड लागतंय, म्हणून ते काम वाढलंय. (त्यावरचा वाद इथं नको, मला फक्त फलक करून द्यायचेत.) कोरलड्रॉ मॅकसाठी वेगळं मिळतं, त्याची काळजी नाही.

ॲपलच्या बूट कॅम्पनं विंडोज टाकता येतं असं एकानं सांगितलं, दुसरा म्हणतो मॅकच्या आत विंडोज चालवणारं पॅरलल्सच घे. दरवर्षी पैसे भरायची तयारी नाही, पण अगदीच गरज असली तर बघू. ८ जीबीत भागेल का? आणि लॉक चालेल का?

निपाणीकर:

ताई, बूट कॅम्प डोक्यातून काढा. ते इंटेलच्या मॅकवर चालायचं. २०२० च्या शेवटी एम१ आला तेव्हापासून एम चिपच्या मॅकवर ते नाहीच. आता व्हर्च्युअल मशीन (मॅकच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) हाच रस्ता, आणि त्यात टाकायचं ते विंडोज ११ चं एआरएम व्हर्जन, म्हणजे एम चिपच्या जातीच्या चिपसाठीचं. आपली नेहमीची इंटेलसाठीची सॉफ्टवेअरं त्यात दुभाष्यामार्फत चालल्यासारखी चालतात. थोडी हळू, पण चालतात.

मी इथं व्यापाऱ्यांचे हिशेब बघतो. टॅली पॅरलल्सवर आहे, काही त्रास नाही. विंडोज ते स्वतःच उतरवून घेतं, आणि विंडोजची खिडकी मॅकच्याच खिडक्यांत मिसळते. मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये पॅरलल्सवर विंडोज ११ प्रो आणि एंटरप्राइज चालवायला अधिकृत मान्यता दिली. विंडोजचं लायसन्स मात्र वेगळं घ्यावं लागतं, ते पॅरलल्सच्या पैशात येत नाही. आधी १४ दिवस फुकट वापरून बघा.

८ जीबी म्हणजे ओढाताणच. विंडोजला ४ दिले की मॅकला ४ उरतात. क्रोमचे ढीगभर टॅब बंद ठेवायला लागतील.

टिळकवाडीकर:

निपाणीकरांचं टॅलीपुरतं बरोबर आहे. पण अक्कांचा खरा प्रश्न लॉकचा आहे. पॅरलल्स घ्या नाहीतर तसलंच फ्यूजन, तिथं काही फरक पडणार नाही.

एआरएम विंडोज इंटेलचे प्रोग्रॅम चालवतं, पण इंटेलचे ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र विंडोजला ओळखू देणारी सॉफ्टवेअरं) चालवत नाही. ड्रायव्हर एआरएमसाठीच बनवलेला पाहिजे. नुडीला, पेजमेकरला असला ड्रायव्हर लागत नाही, ती चालायला हरकत नाही. लॉकला लागतो. बहुतेक जुन्या लॉकांचा एआरएम ड्रायव्हर कुणी बनवलेलाच नसतो. जुन्या प्रिंटरांचंही तेच. म्हणून पैसे भरायच्या आधी श्रीलिपीवाल्यांना फोन करून एवढंच विचारा: विंडोज ११ एआरएमसाठी लॉकचा ड्रायव्हर आहे का, किंवा बिनलॉकचं नवीन व्हर्जन बदलून मिळतं का.

फुकटात तपासायचं तर व्हीएमवेअर फ्यूजन घ्या. २०२४ च्या नोव्हेंबरपासून धंद्याच्या वापरालाही ते मोफत आहे. ब्रॉडकॉमच्या साईटवर खातं काढून उतरवायला लागतं, तेवढा वैताग सोसा. विंडोज ११ एआरएमची आयएसओ (अख्ख्या डिस्कची नक्कल असलेली फाईल) मायक्रोसॉफ्टच्या साईटवरच मिळते. व्हर्च्युअलबॉक्सच्या वाटेला सध्या जाऊ नका, एम चिपवर एआरएम विंडोजचा पाठिंबा त्यात अगदी अलीकडं आलाय.

लॉक नाहीच चालला तर यूटीएम. तेही फुकट आहे (ॲप स्टोअरवर पैसे घेतात, त्यांच्या साईटवरून घ्या). नवीन मशीन करताना ते 'व्हर्च्युअलाइज' की 'इम्युलेट' असं विचारतं. इम्युलेट निवडलं की अख्खा इंटेलचा पीसीच नकली उभा राहतो, आणि त्यात विंडोज एक्सपी बसतं. मग लॉकचा जुना ड्रायव्हरही त्यात बसू शकतो. हे हळू असतं, त्यावर विंडोज १० टाकलंत तर रडाल. पण एक्सपीला ५१२ एमबी रॅम पुष्कळ होते आणि पेजमेकर त्याच काळातलं, म्हणून जमतं. त्या एक्सपीला नेट अजिबात जोडू नका, २०१४ पासून त्याचे सुरक्षा अपडेट बंद आहेत.

निपाणीकर:

लॉकचं माझ्या लक्षात नव्हतं. टिळकवाडीकर म्हणतात तसंच करा. एअरला फक्त यूएसबी-सीची तोंडं आहेत, लॉक लावायला ॲडॉप्टर लागेल.

खानापूरची डीटीपीवाली:

दोघांचेही आभार. फ्यूजन टाकलं, विंडोज बसलं. पेजमेकर उघडलं, फॉन्ट टाकल्यावर जुन्या पत्रिका रफारासकट जशाच्या तशा दिसल्या. नुडीही चालतंय. लॉक लावला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यासमोर पिवळं चिन्ह, आणि श्रीलिपी म्हणतंय लॉक सापडत नाही. फोनवर विचारलं, बघून कळवतो म्हणालेत.

तोवर यूटीएमवर एक्सपी करून बघते. दोन शंका. एक्सपीची ओरिजिनल सीडी आहे, पण मॅकला सीडी ड्राइव्हच नाही. आणि प्रिंटरचं काय करू? माझा लेझर जुना आहे.

टिळकवाडीकर:

प्रिंटर विंडोजला दाखवूच नका. फ्यूजनमधल्या विंडोजमध्ये 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' असतंच, त्यावर पीडीएफ काढा आणि प्रिंट मॅकवरून द्या. प्रेसला पाठवायच्या आधी पीडीएफ मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये उघडून बघा. तिथं श्रीलिपीचा फॉन्ट नसताना मजकूर नीट दिसला, तर फॉन्ट आत बसलेत असं समजा.

सीडीसाठी तुमच्या जुन्या पीसीवर इमगबर्न टाका, फुकट आहे. त्यात डिस्कवरून इमेज फाईल करायचा पर्याय आहे, तो आयएसओ करून देतो. लॉकच्या ड्रायव्हरची सीडी असेल तर तिचीही लगोलग करून घ्या. दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या, पण पेनड्राइव्ह आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एनटीएफएस असला तर मॅक नुसतं वाचतो, त्यावर काही लिहू देत नाही.