दुपारच्या जेवणाचं काय करावं? मदत हवी आहे
मंडळी, नवीन ऑफिस शहरातल्या ऐन गजबजलेल्या व्यापारी भागात आहे. जेवणाची सुट्टी 1 ते 2, त्यातली 10 मिनिटं लिफ्टच्या रांगेतच जातात. मुख्य रस्त्यावर जागेचं भाडं जेवणाच्या बिलातून वसूल होतं, चव मात्र बेताचीच. काल पार्सल उघडलं तर झाकणाला वाफेचं पाणी आणि आत सगळं गार, लिबलिबीत. फार वाईट वाटलं. मागच्या गल्ल्यांत स्वस्त मिळतं, पण पोट बिघडायची धास्ती वाटते. (जिथे गर्दी, तिथे अन्न पटापट संपतं आणि ताजं मिळतं, एवढा अंदाज आहे.) आठवड्याचे पाचही दिवस परवडेल असं चविष्ट जेवण तुम्ही कसं शोधलंत? साडेबारालाच गेल्याने फरक पडतो का? महिन्याचे पैसे आधी भरून जेवण लावलेल्यांनी अनुभव जरूर सांगा.