धुण्याचं पाणी, माड आणि ३००० मिलिमीटरचा तोरा

परसातली:
काल उन्हाळी बागेवर बोलणं चाललं होतं, तिथे 'पाटबांध' दोन ओळी टाकून गायब झाले: "कपडे धुतलेलं पाणी झाडांना घालणं म्हणजे त्यांना हळूहळू विष पाजणं. ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात ही कंजुषी कशाला?" तिथल्या तिथेच उत्तर देणार होते, पण मशीन लावलेलं होतं आणि पाइप केळीकडून माडाकडे वळवायचा होता.

तर आता निवांत. हे ३००० मिलिमीटर पडतं कधी? जून ते सप्टेंबर. तेव्हा माझ्या परसात बेडकांनाही पाणी नको असतं. मे महिन्यात या, विहिरीत वाकून बघा, स्वतःचं तोंडसुद्धा दिसणार नाही. ओपाचा पाणीपुरवठा प्रकल्प आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि नळ उघडला की वारा. शिवाय भर पावसातही काय झालं ते विसरलात? २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारला जलवाहिनी फुटली आणि पणजी कित्येक दिवस कोरडी बसली. वर पाऊस कोसळतोय, खाली लोक टँकरमागे धावतायत.

माझं मशीन वरून कपडे टाकायचं. एका धुण्याला सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी सोडतं, बादल्या लावून मोजलंय. आठवड्याला चार धुणी, म्हणजे ५०० लिटर. ते गटारात सोडू आणि मग टँकरवाल्याला फोन करू? नऊ वर्षं हे पाणी दोन माडांना, केळीच्या बेटाला आणि अळवाला जातंय. कोणी मेलेलं नाही. माझी सासू न्हाणीचं पाणी केळीलाच सोडायची, तिला कोणी कंजूष म्हटलं नाही.

पाटबांध:
गायब झालो नव्हतो, जेवायला गेलो होतो.

सासूबाईंची न्हाणी मध्ये आणू नका. त्या शिकेकाई-रिठा वापरत असतील. तुमच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, भर घालायला सोडियम सल्फेट असतं. त्या पाण्याचा सामू (pH) नऊ-दहाच्या घरात जातो. ते रोज घालत राहिलात की मातीतलं लोह मातीतच अडकतं, मुळांना मिळत नाही. पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसलं की समजा. वर सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, पापुद्रा धरतो, पाणी मुरायचं बंद होतं.

माझ्या बहिणीने म्हापशाला अबोलीच्या अठरा कुंड्या अशाच घालवल्या. अबोली! कुंपणाला टोचली तरी फुलते ती. दोन वर्षांत अठराच्या अठरा.

परसातली:
कुंड्या ना? मी जमिनीबद्दल बोलतेय. तुम्हीच ज्या ३००० मिलिमीटरचा तोरा मिरवता, ते माझ्या परसातला सोडा दरवर्षी धुऊन नेतं. बहिणीच्या बाल्कनीत पाऊस पडत नाही. शिवाय आपली जांभी माती मुळातच आंबट, म्हणजे सोड्याच्या उलट.

पर्वरीचा_तिसरा_मजला:
आम्हा फ्लॅटवाल्यांचं काय? बाल्कनीतून खालच्या बागेत पाइप सोडायला मागितला तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, इमारतीचं तोंड विद्रूप होईल. समोरच्या बंगल्यात, वर्षातले पंधरा दिवस लोक येतात, तिथे पोहण्याच्या तलावाला टँकर लागतो, तो विद्रूप दिसत नाही. २०२१ मध्ये महिन्याला १६ हजार लिटर फुकट जाहीर झालं. तेव्हा बिल शून्य झालं, बादलीही शून्यच. असो. पाइपचं कोणाला काही माहीत असेल तर सांगा.

माडावरचा:
पाटबांधभाई, माड लावताना खड्ड्यात मीठ घालतात हे विसरलात? जांभ्यात खड्डा मारला की तळाला दोन किलो. आमचे आजोबा घालायचे, आणि कासरगोडची रोपवन पिकांची केंद्रीय संस्थाही तेच सांगते. मग चमचाभर सोड्याने माड मरेल?

आणि तसंही २०१६ मध्ये गोवा सरकारनेच ठरवलं होतं की माड हे झाड नाही. मग 'झाडांना विष' कुठून आलं? :)

पाटबांध:
मीठ वेगळं, सोडा वेगळा. मिठातलं क्लोराइड माडाला हवंच असतं. सोड्यातल्या कार्बोनेटचा त्याला काय उपयोग? आजोबांचं नाव घेऊन रसायनशास्त्र बदलत नाही.

आणि २०१६ चा विषय इथे चेष्टेत नको.

माडावरचा:
चेष्टा कसली? वनस्पतिशास्त्राने बघाल तर माड एकदल, आंब्या-फणसापेक्षा गवताला जवळचा. खोडाला वर्षाची कडी धरत नाही. सरकार चुकून का होईना, खरं बोललं होतं.

सत्तरीची_विहीर:
खरं? १९८४ च्या वृक्ष कायद्यातून माडाचं नाव काढल्यावर आमच्या शेजारच्या भाटातले (माडांच्या बागेतले) अकरा माड एका आठवड्यात आडवे झाले. तोडायची परवानगी मागायची गरजच उरली नव्हती. तेव्हा खोडाला कडी आहे की नाही हे बघायला कोणी आलं नाही. २०१७ मध्ये माड पुन्हा झाड झाला. ते अकरा परत उभे राहिले नाहीत.

माडावरचा:
माझ्या भाटात सोळा आहेत, एकही तोडला नाही. पण तोडणाऱ्याला शिव्या घालण्याआधी पाडेली, माडावर चढून नारळ पाडणारा, शोधून द्या. चार महिने फोन करतोय. नारळ आपोआप गळतात आणि कौलं फोडतात. गेल्या महिन्यात गेंड्या भुंग्याने दोन माडांचा कोंब खाल्ला. माडावर प्रेम करणारे सगळे खाली उभे राहून करतात.

पाटबांध:
म्हणजे पाडेली मिळत नाही म्हणून माड गवत? बिल्डरांची वकिली दुसरीकडे करा.

माडावरचा:
बिल्डर तुमच्या घरात असेल. माझ्या घरात फुटकी कौलं आहेत.

परसातली:
अहो, धुण्याचं पाणी! भांडायचंच तर त्यावरून भांडा.

सत्तरीची_विहीर:
त्यावरच बोलते. तुम्ही दोघं माती आणि माड धरून बसलात, विहिरीचं नाव कोणी काढलं नाही. जांभा म्हणजे चाळण. आमच्या वरच्या अंगाला शेजाऱ्यांनी केळी लावल्या, विहिरीपासून पंधरा पावलांवर, आणि मशीनचा पाइप तिथे सोडला. जूनच्या पहिल्या पावसात आमच्या घागरीत फेस आला. दोन महिने पिण्याचं पाणी मावशीकडून आणलं. शेजारी अजून म्हणतात, तो फेस शेवाळाचा होता.

परसातली:
माझी विहीर वरच्या अंगाला आहे, केळी खाली. पण हे मी कधी मुद्दाम ठरवलं नव्हतं, घर असंच बांधलेलं होतं. तेवढं मान्य.

पाटबांध:
नऊ वर्षांनी एक गोष्ट मान्य झाली, चला. आता माझीही घ्या. पहिलं फेसाळ पाणी मोरीत जाऊ द्या. खळबळल्याचं दुसरं-तिसरं पाणी जमिनीतल्या माडाला चालेल, कुंडीला नाही. तेही बुंध्यात ओतू नका. मुळं दीड-दोन मीटरपर्यंत पसरलेली असतात, आळं तेवढं मोठं करा. पिंपात साठवून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारतं. बाळाच्या लंगोटांचं पाणी तर नकोच.

परसातली:
बाळ आता दहावीत आहे. आणि 'विष' हा शब्द मागे घेतलात असं समजू का?

पाटबांध:
पातळ केलेलं विष. एक विचारायचं राहिलं. ते अळू कशाला लावलंय?

परसातली:
फदफद्याला. चांगलं शिजवतो.

पाटबांध:
पानं खायची आणि त्यालाच मशीनचं पाणी? सगळ्या घराच्या कपड्यांचा मळ? चतुर्थीला मी तुमच्याकडे जेवायला येणार नाही.

परसातली:
बोलावलं कोणी? ...पाइपचं तोंड आज अळवावरून काढून जास्वंदीकडे केलंय. तुमच्यामुळे नाही, पाइप तिथे फाटलाच होता.

पर्वरीचा_तिसरा_मजला:
फाटलेला तुकडा नको असेल तर मला द्याल का? आणि बाल्कनीचं कोणीच सांगितलं नाही अजून.